करवत मशीन आणि आम्ही जळीतग्रस्त

निवृत्तीनंतर बायका काय काय करतात हे मी आधीच पाहून ठेवलं होतं. माझ्या आधी ऑफिसातून बाहेर पडलेल्या एकीनं भिशी धरली, दुसरी योगासनांच्या वर्गाला लागली, तिसरी मुलाकडं पुण्याला गेली आणि तिथून रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवू लागली. मी लाकूड कापायचं मशीन घेतलं.

त्याला कारण होतं. माझी सगळी नोकरी विष्णुपुरीला, पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात, कागदांवर गेली. आवक, जावक, टिपणी, स्मरणपत्र. इतक्या वर्षांत माझ्या हातून अशी एकही वस्तू झाली नव्हती, जिच्यावर माणसाला बसता येईल. आणि नांदेडच्या आमच्या घरात दाराजवळ चपला-बूट घालायला एक बाकडं हवंच होतं. एका सुताराला सांगितलं. तो बरेच दिवस "उद्या येतो" म्हणाला, मग "येऊनच राहिलो" म्हणाला, मग त्याचा फोन लागेनासा झाला. त्याच सुमारास मी मोबाईलवर एक बाई पाहिली. कुठल्या तरी थंड देशातली, माझ्याच वयाची. ती चष्मा लावून फळ्या कापत होती आणि शेजारी तिचं कुत्रं झोपलेलं होतं. मला वाटलं, कुत्र्याला झोप लागतेय म्हणजे काम फार अवघड नसणार.

आमचे हे चित्रकलेचे शिक्षक, तेही निवृत्त. त्यांनी बाकड्याचं सुंदर चित्र काढलं, त्याला छाया-प्रकाश दिला, खाली एक मांजरही बसवलं. मापं मात्र घातली नाहीत.

"मापं तू टाक," म्हणाले. "माझं काम झालं."

मशीन ऑनलाइन मागवलं. लोखंडी टेबल, मधोमध एक फट, फटीखाली मोटार. गोल, दातेरी पातं वेगळ्या पिशवीत होतं, ते आपलं आपणच बसवायचं. पातं फटीतून वर डोकं काढतं, फिरू लागतं, आपण फळी पुढं सरकवायची आणि ती दोन तुकडे होऊन पलीकडं जाते, असं खोक्यावरच्या चित्रात होतं. सोबत पुस्तिका होती. तिच्यात मजकूर कमी आणि चित्रं जास्त. एका चित्रात माणसाचा हात होता आणि त्यावर फुली मारलेली होती.

"हात चांगला काढलाय," हे म्हणाले. "बोटांचं प्रमाण बघ."

पातं कसं बसवायचं त्याचं चित्र मात्र इतकं बारीक होतं की मला त्यात काहीच दिसेना. मग मी मोबाईलवर एक व्हिडिओ शोधला. एक हिंदी बोलणारा तरुण अगदी समजावून सांगत होता. मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी मशीन मांडलं, मोबाईल तुरीच्या डाळीच्या बरणीला टेकवून ठेवला आणि त्यानं केलं तसं करत गेले. त्याच्या पात्याचे दात डावीकडं, माझ्या पात्याचे दात डावीकडं. त्यानं नट आवळला, मी नट आवळला. त्यानं बटण दाबलं, मीही दाबलं.

आवाज असा झाला की शेजाऱ्यांच्या टाकीवरची सगळी कबुतरं एकदम उठली. मी फळी पुढं सरकवली. ती पात्यापर्यंत गेली आणि थांबली. मी जोर लावला. फळीतून धूर निघू लागला. आधी पांढरा, मग जरा निळसर. मशीन बंद करून पाहिलं तर फळीच्या कडेला एक काळी खाच पडलेली. फळी कापली गेली नव्हती, भाजली गेली होती.

"लाकूड ओलं हाय," हे म्हणाले.

फळ्या दुपारभर गच्चीवर उन्हात टाकल्या. वाळल्यावर पुन्हा लावून पाहिल्या. वाळल्यामुळं त्या जास्त चांगल्या जळू लागल्या. मग यांना वाटलं की व्होल्टेज कमी असेल. आम्ही फ्रीज बंद केला, पंखे बंद केले, शेजारच्या वहिनींना जाऊन सांगितलं की थोडा वेळ पाण्याची मोटार लावू नका. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, "बाकडं करून राहिले." त्या म्हणाल्या, "बाकड्याला एवढा करंट लागतो का?" तरी त्यांनी मोटार बंद ठेवली. व्होल्टेज वाढलं तसा धूरही वाढला.

शेवटी खोक्यावरच्या मदतीच्या नंबरला फोन केला. बऱ्याच वेळानं एक मुलगी बोलली. ती शुद्ध हिंदीत आणि मी नांदेडच्या हिंदीत.

"मॅडम, मशीन चालू होती है?"

"चालू होने की तकलीफ नै. काटती नै, जलाती है."

"क्या जलाती है, मॅडम?"

"लकडी."

तिनं तिकडं काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, "मॅडम, ये लकडी जलाने की मशीन नहीं है."

"वोइच बोल रई मैं."

तिनं एक नंबर दिला आणि त्यावर व्हिडिओ पाठवायला सांगितलं, म्हणजे त्यांचा तज्ज्ञ पाहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला अर्धापूरला लग्नाला जायचं होतं. त्याआधी व्हिडिओ उरकून टाकू म्हटलं. मी मशीनपाशी उभी राहिले आणि यांच्या हातात मोबाईल दिला. इथं चित्रकार आडवा आला. मशीन दिसायला ओबडधोबड, ते काही यांना आवडलं नाही. धूर मात्र सकाळच्या उन्हात फार छान वर चढत होता. यांनी धुराचं चित्रण केलं. भिंत, तिच्यामागून उठणारे लोट, वर आभाळ. मशीन त्यात कुठंच नव्हतं. त्याचा किंचाळल्यासारखा आवाज तेवढा होता आणि त्या आवाजावर माझा आवाज: "बंद करू नका. जळू द्या. किती जळतंय ते त्यांना दिसू द्या."

मी तो व्हिडिओ न पाहताच पाठवला. खाली लिहिलं, "कालपासून असेच जळत आहे. सर्व उपाय करून झाले. कृपया तातडीने माणूस पाठवावा." कार्यालयीन सवय. पाठवताना बोट पडलं ते सगळ्यात वरच्या नावावर. ते नाव आमच्या परिवाराच्या ग्रुपचं होतं. त्यात आमच्याकडचे आणि मुलीच्या सासरचे झाडून सगळे आहेत. हे मला तेव्हा कळलं नाही. मोबाईलची बॅटरी संपत आली होती, म्हणून तो चार्जिंगला लावला, घराला कुलूप घातलं आणि आम्ही अर्धापूरला गेलो.

आमची एकुलती एक मुलगी लातूरला दिली आहे. ती आणि जावई नोकरीसाठी हैदराबादला असतात आणि त्या दिवशी दोघंही विमानात होते, नाहीतर तिनं माझा आवाज ऐकून "आईचे काहीतरी उद्योग चाललेत" असं सगळ्यांना सांगून टाकलं असतं. तिचे सासू-सासरे लातुरात. व्याह्यांना सगळे अप्पा म्हणतात, मीही म्हणते. त्यांची डाळमिल होती. आता ती पुतण्यांकडं आहे, तरी अप्पा रोज एकदा तिथं जाऊन मोटारीचा आवाज ऐकून येतात. विहीणबाईंना मी अक्का म्हणते, त्या उदगीरकडच्या. दोघंही फार मायाळू. अडचण एवढीच की मदत करायची ठरवली की ती केल्याशिवाय ते परत जात नाहीत.

अप्पांनी व्हिडिओ पाहिला आणि मला फोन लावला. मी उचलला नाही. मग यांना लावला. हे तेव्हा लग्नाच्या मांडवात बसलेले आणि समोर बँजो वाजत होता. नंतर दोघांच्या सांगण्यावरून जुळवाजुळव केली, तेव्हा त्यांचं बोलणं असं झाल्याचं निघालं.

अप्पांनी विचारलं, "पाव्हणं, कोण कोण वाचलं?"

यांना ऐकू आलं, कोण कोण पोचलं. हे म्हणाले, "आम्ही दोघंच."

"सध्या कुठं हाव?"

"मांडवात."

"खाण्यापिण्याचं काय?"

"वाढून राहिले की. पण लई गर्दी हाय, पंगतीला नंबर लागंना."

"आन् घरी काय राहिलं?"

"घरी कोण राहणार? कुलूप हाय नुसतं."

यावर अप्पांना हुंदका आला. यांना वाटलं बँजोमुळं आवाज फाटतोय. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि ते जिलेबीकडं वळले.

आम्ही दुपार कलल्यावर परतलो. हातात अर्धापूरची केळी होती. गल्लीच्या तोंडाशीच मला आमच्या दारापुढं जीप उभी दिसली. टपावर गाद्या बांधलेल्या. जीपशेजारी अप्पा आणि अक्का आमच्या घराकडं तोंड करून नुसते उभे होते, देवळापुढं उभं राहावं तसे. मला पाहताच अक्का धावत आल्या आणि गळ्यात पडून रडायला लागल्या.

"सगळं गेलं की हो, ताई."

उदगीरला अक्कांची आई बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती. मी धरून चालले की त्याच गेल्या. मलाही भरून आलं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "वय झालं होतं, अक्का. किती दिवस ओढायचं."

"कुठलं वय हो," अक्का म्हणाल्या. "गेल्या दिवाळीला तर रंग दिला होता."

मी रडायची थांबले. अक्काही थांबल्या. एकमेकींचे खांदे धरून आम्ही एकमेकींकडं पाहत राहिलो. यांना काहीच कळलं नव्हतं. त्यांनी अप्पांच्या हातात केळी दिली.

अप्पा घराकडं पाहत म्हणाले, "पण घर तर जसंच्या तसं दिसायलंय." त्यांच्या आवाजात आनंद होता, पण थोडं आणखीही काहीतरी होतं. इतक्या लांबून गाद्या घेऊन आलेल्या माणसाच्या आवाजात जे असेल ते.

आत जाऊन चहा झाला. मी चार्जिंगचा मोबाईल काढला आणि ग्रुप उघडला. कुणी देवापुढच्या समईचा फोटो टाकला होता. कुणी लिहिलं होतं, "वस्तू पुन्हा येतात, माणसं महत्त्वाची." एका चुलत दिरांनी अंगठा दाखवला होता, पण ते सगळ्यालाच अंगठा दाखवतात. मी लगेच लिहिलं, "घर सुरक्षित आहे. जळत होती ती फळी." त्यावर मामेबहिणीचं उत्तर आलं, "धीर सोडू नकोस."

अक्कांनी जीपमधून दशम्या, शेंगाची चटणी, दोन साड्या आणि एक कढई आणली होती. गाद्या वाटेत चाकूरच्या भाच्याकडून घेतलेल्या. हे सगळं आणल्यावर नुसतं परत कसं जायचं? रात्री जेवताना अप्पांनी विचारलं, "ते फळी जाळणारं हाय तरी काय?"

सकाळी स्नान करून, कपाळावर विभूतीची बोटं ओढून अप्पा अंगणात आले. मशीनभोवती एक चक्कर मारली, मोटारीला कान लावला आणि मला चालू करायला सांगितलं. धूर निघाला. अक्का पायरीवर बसून होत्या. सागवानाचा वास त्यांना आवडला. "धूप घातल्यागत वाटायलंय," म्हणाल्या.

अप्पा म्हणाले, "ताई, हे उलटं फिरायलंय."

डाळमिलच्या मोटारींचं असं असतं म्हणे. तारा अदलाबदल झाल्या की मोटार उलटी फिरते, तारा पुन्हा बदलल्या की सरळ होते. पण आमच्या मशीनला साधा तीन पिनांचा प्लग. तो उलटा घालून पाहायचा तर वरची पिन जाड, ती खाली जाईना. अप्पांनी बराच वेळ प्लग हातात घेऊन विचार केला. मग म्हणाले, "प्लग फिरत नसंल तर मशीन फिरवू."

आम्ही चौघांनी मिळून मशीन उचललं आणि त्याचं तोंड पश्चिमेकडून पूर्वेकडं केलं. मी म्हणाले, "अप्पा, यानं काय होईल?" ते म्हणाले, "चालू तर करा." पूर्वेकडं तोंड केलेल्या मशीननंही तितकाच धूर काढला. फरक एवढाच झाला की धूर आता शेजारच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडं जाऊ लागला. त्या येऊन म्हणाल्या, "मोटार लावू का आता?"

अक्का उठल्या, घरातून विभूतीचा डबा घेऊन आल्या आणि मोटारीवर तीन पट्टे ओढले. आमच्याकडंही हीच पद्धत, त्यामुळं मला त्यात वावगं वाटलं नाही. फक्त प्लग काढू द्या, एवढं मी म्हणाले.

दुपारपर्यंत अप्पांचं मत बदललं. पातं बोथट असणार. नव्या वस्तूला कुणी धार लावून देत नाही, ती आपण लावायची असते. लातूरला गंजगोलाईजवळ त्यांच्या ओळखीचा एक धार लावणारा होता, मिलची सगळी कामं तो करायचा. "आत्ता निघू," अप्पा म्हणाले. पातं एकटंच त्यांच्याबरोबर पाठवायला माझं मन तयार होईना. मी निघाले म्हणून हेही निघाले. पातं काढताना नट उलट्या बाजूनं सुटतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं, त्यामुळं बराच वेळ आम्ही तो आवळतच होतो. निघालेलं पातं ठेवायला घरात एकच बरोबर मापाची वस्तू होती, चपात्यांचा स्टीलचा डबा. तो मांडीवर घेऊन मी जीपमध्ये बसले. टपावर गाद्या होत्याच. त्या चाकूरला परत द्यायला थांबलो, तर भाचा म्हणाला, "राहू द्या मामा, त्यांना लागतील." त्यानं माझ्याकडं इतक्या कळवळ्यानं पाहिलं की मी मांडीवरचा डबा घट्ट धरला.

लातूरला जीप थांबली तशी गल्ली गोळा झाली. अप्पांनी निघताना किराणावाल्याला, पेपरवाल्याला आणि समोरच्या डॉक्टरांना सांगितलं होतं की पाव्हण्यांचं घर जळालं, त्यांना घेऊन येतो. आणि ते आम्हाला घेऊन आले होते. आम्ही जीपमधून उतरलो ते गाद्या आणि एक चपात्यांचा डबा घेऊन. गल्लीच्या मनात कसलीच शंका उरली नाही.

संध्याकाळभर माणसं येत राहिली. कुणी सोलापुरी चादर आणली, कुणी स्टीलचे पेले, एकीनं कुकर आणला आणि त्याची शिट्टी कधी कधी अडकते तेही सांगितलं. मी प्रत्येकाला पहिल्यापासून समजावून सांगत होते.

"घराला आग लागलीच नाही. मी मशीनवर फळी कापत होते."

"मशीननं आग लागली म्हणा की."

"आग नव्हे, नुसता धूर."

"असंच म्हणावं, ताई," कुकरवाल्या बाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या. "मनाला उभारी येते."

एका म्हाताऱ्या बाईंनी यांना विचारलं की तुमचं काय काय गेलं. यांनी खरंखुरं उत्तर दिलं, "एक फळी." बाईंनी डोळ्याला पदर लावला. माणूस किती मोठ्या मनाचा आहे, असं त्या बाहेर जाऊन म्हणाल्याचं अक्कांनी सांगितलं. रात्र होईपर्यंत माझा आवाज बसला. नंतर जे आले त्यांना मी नुसता नमस्कार केला आणि चादर घेतली.

दुसऱ्या दिवशी गंजगोलाईला गेलो. धार लावणाऱ्याच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं टांगलेली होती. अप्पांनी डबा उघडून पातं दाखवलं आणि विचारलं, "ह्याचं काही होतंय का?" दुकानातल्या माणसानं पात्याकडं पाहिलं आणि विचारलं, "मॉडेल कोणतं?" आणखी एक धारवाला औद्योगिक वसाहतीत असल्याचं कळलं. त्याच्या शटरला कुलूप होतं. शेजारच्यानं सांगितलं की तो लग्नाला गेलाय, कधी येईल सांगता येत नाही.

अप्पा फार ओशाळले. मग एकदम म्हणाले की आम्हाला नांदेडला सोडायला तेच येणार. अक्काही आल्या. जीपमध्ये आता गाद्या, चादरी, पेले, कुकर, कढई, आम्ही चौघं आणि धार न लावलेलं पातं. चाकूरला भाचा रस्त्यावरच उभा होता. त्यानं दोन उशाही दिल्या.

नांदेडला पोचल्यावर पातं निदान जागच्या जागी लावून ठेवावं म्हणून मी अंगणात गेले. व्हिडिओ लावला नाही, मोबाईल यांच्याकडं होता आणि हे झोपले होते. डब्यातून पातं काढलं, बसवलं, नट आवळला. सहज म्हणून फळीचा तुकडा घेतला आणि बटण दाबलं. तुकडा सरकवला. हाताला काही लागलंच नाही. केळीच्या सोपटातून विळा जावा तशी फळी दोन तुकडे होऊन पलीकडं पडली. धूर नाही, वास नाही, पांढरा भुसा तेवढा पायावर पडला. मी पुन्हा एक तुकडा कापला. मग आणखी एक. आवाजानं सगळे बाहेर आले.

कुणाला आश्चर्य वाटलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. अप्पा म्हणाले, "पूर्वेकडं तोंड केलं तेव्हाच मी म्हणालो होतो. गुण यायला वेळ लागतो." अक्कांनी विभूतीच्या पट्ट्यांकडं नुसतं बोट दाखवलं. हे म्हणाले, "फळी वाळली शेवटी." अक्कांनी लातूरच्या शेजारणींना फोन करून सांगितलं, तेव्हा पलीकडून कुणीतरी म्हणालं की लातूरची हवा लागली की लोखंडही सुधारतं.

अप्पा-अक्का गेल्यानंतर काही दिवसांनी मी पातं बसवायचा तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. पात्याची उंची कमी-जास्त कशी करायची ते मला बघायचं होतं. त्या तरुणाच्या मागं भिंतीवर एक कॅलेंडर होतं. पहिल्या वेळी मला ते उर्दू वाटलं होतं आणि नांदेडात त्यात विशेष काही नाही. या वेळी नीट पाहिलं तर ती हिंदी अक्षरं होती, उलटी. शेजारी घड्याळ होतं आणि त्याचा काटा मागं मागं चालला होता. तो बिचारा मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं चित्रण करत होता आणि सगळं आरशात दिसावं तसं उलटं आलं होतं. त्याचे डावीकडं दिसणारे दात खरं तर उजवीकडं होते. मी त्याचं बघून पातं उलटं बसवलं होतं. दातांची पाठ फळीवर घासत होती, म्हणून ती जळत होती. लातूरहून आल्यावर डब्यातून काढताना ते योगायोगानं सुलटं बसलं, एवढंच.

मला फार हलकं वाटलं. मी लगेच हे सगळं ग्रुपवर लिहिलं. चुलत दिरांनी अंगठा दाखवला. संध्याकाळी अप्पांचा फोन आला.

"ताई, पातं उलटं असतं तर मला दिसलं नसतं का? मी उभी हयात मिल चालवली."

"अप्पा, उलटंच होतं. मग ते सुलटं झालं."

"म्हणजे दिशा बदलली."

"हो, पात्याची."

"तेच म्हणायलोय की मी," अप्पा म्हणाले आणि समाधानानं त्यांनी फोन ठेवला. नीट विचार केला तर त्यांचं पहिल्या सकाळचं वाक्य बरोबरच होतं. काहीतरी उलटं होतं खरं.

बाकडं झालं. एक पाय किंचित आखूड आहे, त्याखाली पुठ्ठा घातला. चादरी आणि कुकर परत द्यायला मी लातूरला निरोप पाठवला, पण कुणी घेईना. जळीतग्रस्ताला दिलेली वस्तू परत घेणं त्यांना पटत नव्हतं. तो कुकर आम्ही वापरतो. शिट्टी खरंच अडकते.

अलीकडं अप्पांनी स्वतःसाठी तसलंच मशीन मागवलं. मिलवरून आल्यावर दुपारचा वेळ जात नाही म्हणे. "तुम्ही या," असा निरोप आला. आम्ही दोघं गेलो. त्यांनी गच्चीवर होकायंत्र ठेवून जागा आखून ठेवली होती. मी म्हणाले, "आधी पातं बघू द्या." तर त्यांच्या मशीनचं पातं कारखान्यातूनच बसवून आलेलं, अगदी बरोबर. तरी मी वाकून दात तपासले. अप्पा हसले.

अक्कांना देवघरात फळी हवी होती. अप्पांनी माप घेतलं, पेन्सिलनं रेघ ओढली, मशीन चालू केलं. पहिल्याच फटक्यात सुरेख कापली गेली. खाली नेऊन लावून पाहिली तर चार बोटं आखूड. पुन्हा माप घेतलं, दुसरी कापली. तीही आखूड. तिसऱ्या फळीच्या वेळी हे म्हणाले, "मी एक चित्र काढून देऊ का?" अप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं, मशीन बंद केलं आणि जिन्यातून खाली वाकून अक्कांना चहा ठेवायला सांगितलं.